गोव्याच्या फोंडा तालुक्यातली परसबाग : प्रकल्प नोंदी, मे २०२४ ते मे २०२५

१२ मे २०२४

जागा घराच्या पूर्वेला. १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, पूर्वेकडे हलका उतार. पश्चिमेच्या कडेला दोन माड आणि चार पोफळी, त्यांतल्या दोन पोफळींवर मिरीवेल. ऊन सकाळपासून दुपारी दोनपर्यंत, भाजीला पुरेसे.

माती तांबडी, जांभ्याची. वरचा थर २०-२२ सेंमी, त्याखाली कुदळ खणखणते. त्या कठीण थरावर पाणी कसे वागते हे आधी पाहिले. ३० सेंमी खोल खड्डा खणून तो पाण्याने भरला, जिरू दिला, पुन्हा भरला आणि मग मोजले. दुसऱ्या वेळी ताशी जेमतेम अडीच सेंमी पाणी उतरले. जुलैमध्ये एका तासात याहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे खाली जिरण्यावर भिस्त ठेवता येणार नाही, पाणी बाजूने काढूनच द्यावे लागेल. बाकी सगळी आखणी या एका मोजमापावर.

मातीचा नमुना पाच ठिकाणांहून घेतला. १५ सेंमी खोल इंग्रजी व्ही आकाराचा काप घेऊन त्याच्या कडेचा पातळ पापुद्रा काढायचा, पाचही एकत्र करायचे, सावलीत वाळवून अर्धा किलो ठेवायचे. राख टाकलेली जागा, शेणाची जागा, माडाचे आळे यांतली माती घ्यायची नाही, आकडे फसवतात. तपासणीत सामू (पीएच) ५.३, पालाश (पोटॅशियम) कमी, सेंद्रिय कर्ब मध्यम. जांभ्या मातीत एवढी आम्लता नेहमीचीच. अशा मातीत लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून बसतात, त्यामुळे खत घातले तरी झाडाला ते मिळत नाही.

१९ मे २०२४

चुना. वाफे १ ते ५ होणार त्या जागेला दर चौरस मीटरला २५० ग्रॅम शेतीचा चुना, ५.४ चौरस मीटरच्या वाफ्याला सुमारे १ किलो ३५० ग्रॅम. पसरून वरच्या १५ सेंमी मातीत मिसळला. शिंपल्याचा विरवलेला चुना वापरायचा असेल तर दोन तृतीयांशच घ्यावा, तो जास्त तीव्र असतो. वारा पडल्यावर, नाक-तोंड बांधून.

चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालायचे नाही. दोन्ही भेटले की शेणातला नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडतो, वासच सांगतो. मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि जमीन कोरडी असेल तर एक-दोनदा पाणी शिंपडावे, नाहीतर चुना नुसता पडून राहतो.

२६ मे २०२४

वाफे बांधले. सहा वाफे, प्रत्येक ६ मीटर × ९० सेंमी, मध्ये ४५ सेंमीच्या वाटा. वाफे उताराला आडवे, त्यामुळे क्रमांक १ सर्वांत वर, ६ सर्वांत खाली. वाटांमधली माती उपसून वाफ्यांवर चढवली, उंची ३० सेंमी. त्याच वाटा पावसाळ्यात पाट होतात. त्यांना उत्तरेकडे शंभराला एक एवढाच उतार दिला, म्हणजे ६ मीटरमध्ये ६ सेंमी. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतली. उतार जास्त दिला तर पाणी मातीसकट धावते, कमी दिला तर वाटेत डबके साठते.

वाफ्यांच्या खालच्या कडेला चिऱ्यांची एक रांग, सांधे मोकळे. सिमेंट लावू नये, पाणी आतल्या आत कोंडते.

वाफा ६ वांगी-मिरचीसाठी राखला. जिवाणूजन्य मर पाण्याबरोबर सरकते. या वर्गातली झाडे वर लावली तर रोग खालच्या प्रत्येक वाफ्यात उतरतो. पण सर्वांत खालचा वाफा सर्वांत ओलाही असतो, म्हणून तो एकटा ४५ सेंमी उंच केला.

२ जून २०२४

दर वाफ्याला दोन घमेली, म्हणजे साधारण १६ किलो, चाळलेले कुजके शेणखत आणि १ किलो निंबोळी पेंड. यापेक्षा जास्त आत्ता घालणे म्हणजे खालच्या शेजाऱ्याच्या परसाला खत देणे. पावसाळ्यातले खत थोडे थोडे, उघडीप बघून.

पोफळीजवळच्या पट्ट्यात हळद. २५-३० ग्रॅमचे, एक-दोन डोळ्यांचे तुकडे, ३० × २५ सेंमी अंतर, ५ सेंमी खोल. या पट्ट्याला चुना नव्हता, तिथे रॉक फॉस्फेट दर चौरस मीटरला २५ ग्रॅम दिले. ते आम्ल मातीतच विरघळते, चुना घातलेल्या जागी घालून उपयोग नाही. वर गिरिपुष्पाचा पाला, चौरस मीटरला सव्वा किलो.

मिरीवेलांना आणि पोफळीच्या घडांना १ टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण) पाऊस सुरू होण्याआधी दिले. १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतायचे. लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून पाहायची: तांबूस थर बसला तर मोरचूद मोकळे आहे, थोडा चुना वाढवायचा. सुरी स्वच्छ निघेपर्यंत फवारायचे नाही. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे.

८ जून २०२४

४ जूनला पाऊस गोव्यात आला. मातीत बोटभर ओल.

चतुर्थी यंदा ७ सप्टेंबरला. माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) बांधायची फळे त्या आठवड्यात तयार हवीत, म्हणून पेरणीच्या तारखा उलट्या मोजल्या. चिबडाला सुमारे नव्वद दिवस, ते आज. तवसेही (मोठी काकडी) आज. दोडकी आणि पडवळ लवकर येतात, त्यांना अजून तीन आठवडे थांबवायचे.

बियांच्या पाकिटावर ४५ सेंमीचे आळे खणा, असे लिहिलेले असते. ते देशावर ठीक. इथे जूनमधले आळे म्हणजे जांभ्यात कोरलेली बादली. बी तीन दिवसांत कुजते. आळ्याऐवजी ढीग घातले: ६० सेंमी व्यास, ३० सेंमी उंच, निम्मी माती, निम्मे शेणखत, वर मूठभर राख. दर ढिगावर चार बिया, पुढे दोनच वेल ठेवायचे. चिबडाचे बी आठ तास भिजवले.

वाफा २ मध्ये सात शिरांची भेंडी, ६० × ४५ सेंमी. ही झाडे डोक्याच्या वर जातात. दाट लावली तर खालची पाने ओली राहून करपतात.

१६ जून २०२४

मिरचीच्या रोपवाटिकेत कोलमड. जमिनीलगत खोड पाणचट, दोऱ्यासारखे बारीक, रोप आडवे. वरची पाने मात्र हिरवीगार. ही पिथियम बुरशी. कारण स्पष्ट दिसते, छपराच्या पागोळ्यांचे शिंतोडे ट्रेवर येत होते. ट्रे पडवीत आत घेतले, पाणी फक्त सकाळी, मातीचा वरचा थर सुकल्यावरच. आडवी रोपे आजूबाजूच्या चमचाभर मातीसकट काढली. माध्यम पुढे असे ठेवायचे: कोकोपीट २ भाग, गांडूळखत १ भाग, वाळू १ भाग, किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी), मिसळल्यावर आठवडाभर ओलसर झाकून.

३० जून २०२४

दोडकी आणि पडवळ पेरली. बी बारा तास भिजवून, टोकाचे कवच सँडपेपरवर हलके घासून.

माटव उभारला. पोफळीचे वासे, २ मीटर अंतरावर, जमिनीवर १ मीटर ८० सेंमी उंची. वाशांची खालची टोके डांबरात बुडवून चिऱ्याच्या तुकड्यावर टेकवली, नाहीतर वाळवी एका हंगामात खाते. कडेने १२ गेजची तार, मधली जाळी सुंभाची. नैर्ऋत्येच्या दोन खांबांना ताण दिला. जुलैतला वारा तिकडून येतो आणि पानांनी भरलेला माटव म्हणजे उघडलेले शीड.

९ जुलै २०२४

काल-परवा अतिवृष्टी. वाफ्यांत पाणी साठले नाही. वाट ३ च्या तोंडाशी पालापाचोळा अडकून पाट तुंबला होता, तेवढ्यात वाफा ४ ची कड हातभर खचली. पाटांच्या तोंडांना काड्यांची जाळी लावू नये, तीच तुंबते. तोंड रुंद ठेवून रोज फावडे फिरवणे सोपे.

वाफ्यांवर चुडते (माडाच्या विणलेल्या झावळ्या) उलटी घातली, पावसाचा मार तुटतो. सुका पाला आच्छादन म्हणून या दिवसांत नको. त्याखाली गोगलगायींची वस्ती होते.

२१ जुलै २०२४

भेंडी पिवळी. कोणती पाने आणि कशी पिवळी, हे पाहूनच औषध. खालची पाने सरसकट पिवळी असतील तर नत्र धुपले. खालच्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. वरची कोवळी पाने शिरा सोडून पिवळी असतील तर लोह. पण तांबड्या मातीत लोहाची वाण नसते, तेव्हा मुळे पाण्यात गुदमरली आहेत का ते आधी बघावे. आणि शिराच पिवळ्या, जाळीसारख्या, तर तो केवडा. विषाणू, पांढऱ्या माशीने पसरणारा. झाड उपटण्यावाचून इलाज नाही.

इथे पहिले दोन्ही प्रकार. दोन दिवस उघडीप मिळाली तेव्हा चौरस मीटरला ६ ग्रॅम युरिया, खोडापासून चार बोटे लांब, मातीआड. दर पंधरा दिवसांनी एवढाच. मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, पानांवर. पुढच्या वर्षी वाफा २ ला साध्या चुन्याऐवजी डोलोमाइट. त्यात चुना आणि मॅग्नेशियम दोन्ही येते.

२८ जुलै २०२४

रानवांग्याचे बी पेरले, ऑक्टोबरातल्या कलमांच्या खुंटांसाठी: मरीला तोंड द्यायला खाली रानवांग्याची मुळे, वर वांगे. उगवण सावकाश आणि मागेपुढे, पंधरा-वीस दिवस ट्रे हलवू नये.

४ ऑगस्ट २०२४

गोगलगायी. मोठ्या आफ्रिकन जातीच्या, शंख बोटभर लांब. रात्री आठनंतर बॅटरी घेऊन वेचणे यापुढे दुसरा खात्रीचा उपाय नाही. वेचलेल्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत, हातमोजे घालून. दिवसा ओले गोणपाट आणि त्याखाली पपईची पाने ठेवली की त्या तिथे गोळा होतात, सकाळी गोणपाट उचलून वेचायच्या. चुन्याची किंवा राखेची रेघ पहिल्या सरीत वाहून जाते. पावसाळ्यात तो उपाय सांगणाऱ्याने एकदा इथला जुलै पाहावा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यामांजरांना मारक, घरच्या परसात नकोत.

मिरीवेलांना दुसरे बोर्डो दिले. वेलभाज्यांना १ टक्का सोसत नाही, पाने कडेने भाजतात. लागलेच तर अर्धा टक्का, कोवळे शेंडे वगळून.

८ ऑगस्ट २०२४

उद्या नागपंचमी, पातोळ्यांसाठी हळदीची पाने. दर झाडाची बाहेरची एक-दोनच घ्यावीत, तीही धारदार सुरीने देठाशी. आतली पाने कंद भरतात.

१८ ऑगस्ट २०२४

दोडक्याला नर फुले भरपूर, फळ धरत नाही. सततच्या पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत. परागण हाताने. दोडक्याचे फूल संध्याकाळी पाचनंतर उमलते, पडवळाचे त्याहून उशिरा, चिबूड-तवशाचे सकाळी. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या स्त्रीकेसरावर हलका फिरवायचा. मादी फूल ओळखायला सोपे, पाकळ्यांखाली चिमुकले फळ असते. परागकण पिवळे आणि भुरभुरीत असले तरच उपयोग. पावसाने भिजून चिकट झालेले फूल टाकून द्यावे. मग मादी फुलावर पानाची टोपी, सकाळी काढायची.

फळमाशीही आली. फळाच्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढा डाग, त्यातून पारदर्शक चीक, दोन दिवसांत तो भाग आत ओढला जाऊन फळ वाकते. कापून पाहिले तर आत पांढऱ्या अळ्या, बाहेर पडल्यावर टुणकन उडी मारणाऱ्या. बोटभर फळ झाले की जुन्या मलमलीची पिशवी, तोंड देठाशी सुंभाने सैल बांधून. वर्तमानपत्राची पिशवी या पावसात दोन दिवसांत लगदा होते. क्यू-ल्युअरचा (माशीला ओढणाऱ्या गंधद्रव्याचा) सापळा माटवाखाली टांगला. त्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे निव्वळ सापळ्यावर विसंबून फळे वाचत नाहीत. माश्या किती आहेत ते कळते एवढेच. आंब्याच्या सापळ्यातला मिथाइल युजेनॉल वेलभाजीच्या माशीला चालत नाही, दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, नाव वाचून घ्यावे. किडकी फळे खतात टाकायची नाहीत. काळ्या पिशवीत बांधून आठवडाभर उन्हात, नाहीतर अर्धा मीटर खोल पुरायची.

१ सप्टेंबर २०२४

वांग्याचे बी पेरले, कलमांच्या वरच्या भागासाठी. खुंट आता चार पानांवर.

५ सप्टेंबर २०२४

माटोळीसाठी काढणी: चिबूड, तवसे, दोडकी, पडवळ, हळदीचे पान, पोफळीची शिपटी (सुपारीचा घड). चिबूड माटोळीला देठासकट, दोन इंच वेल ठेवून कापावे. देठ सुटला तर टांगलेले फळ दीड दिवसातच कुजायला लागते. पुरते पिकलेले बांधू नये, वास सुटला की ते खाण्याचे. तवशाला सुंभाची दुहेरी गाठ, वजन दोन किलोच्या वर जाते.

बियांसाठी एक चिबूड, दोन दोडकी वेलावरच ठेवली. दोडके पार वाळून हलवल्यावर खुळखुळले पाहिजे.

६ ऑक्टोबर २०२४

कलमे केली. रानवांग्याचे खोड पेन्सिलच्या शिशाहून थोडे जाड, ३ मिलीमीटरच्या आसपास, वांग्याचे तेवढेच. जाडी जुळली नाही तर साल सालीला भेटत नाही. खुंट जमिनीपासून ८ सेंमीवर आडवा कापून मध्ये १ सेंमीची उभी चीर. वांग्याच्या शेंड्याला दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन पाचर करायची, दोनच पाने ठेवायची, पाचर बसवून वर कलमाची क्लिप. नवे ब्लेड, दर पाच कलमांनी स्पिरिटने पुसून. काप दिल्यापासून पाचर बसेपर्यंत अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ गेला की काप सुकतो.

नंतर पारदर्शक पिशवीच्या तंबूत, सावलीत, आठ दिवस. पिशवीच्या आतून बाष्पाचे थेंब दिसले पाहिजेत, पण ते सांध्यावर पडता कामा नयेत. नवव्या दिवसापासून तंबूचे तोंड रोज थोडे थोडे उघडायचे. खुंटाला खालून फुटवे येतात, ते नखाने खुडत राहायचे. एक राहिला तर महिन्यात काटेरी रानवांगेच वाढलेले दिसते.

२० ऑक्टोबर २०२४

पाऊस माघारी गेला, ऊन चटके देते. वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या हंगामाची) तयारी. वाफ्यांची उंची ३० वरून १५ सेंमीवर आणली. पावसाळ्यात पाणी काढणारी उंची आता पाणी लवकर सुकवते. उपसलेली माती वाटांत. पुन्हा दोन घमेली शेणखत, वाफ्याला अर्धा किलो लाकडाची राख. पालाश पावसाने धुपलेला असतो, राख ती कसर काही प्रमाणात भरते.

३ नोव्हेंबर २०२४

वाफा ६ मध्ये वांगी: अर्धी कलमे, अर्धी त्याच बियांची साधी रोपे, तुलनेसाठी. अंतर ७५ × ६० सेंमी. कलमाचा सांधा मातीच्या चार बोटे वर. भर देताना सांधा पुरला गेला तर वांग्याला स्वतःची मुळे फुटतात आणि कलमाचा फायदा संपतो.

वाफा १ मध्ये तांबडी भाजी. चौरस मीटरला ३ ग्रॅम बी, दहापट वाळूत मिसळून, वर अर्धा सेंमी चाळलेले खत. मुंग्या बी उचलतात, वाफ्याच्या कडेने हळद भुरभुरली. पाणी झारीने, पहिले पाच दिवस दोनदा. दर दहा दिवसांनी वाफ्याचा एक तृतीयांश पेरत गेले की जानेवारीपर्यंत भाजी तुटत नाही. वाफा ३ मुळा, वाफा ४ नवलकोल, वाफा ५ वाली.

गाजर, लसूण, वाटाणा यांचा हट्ट इथे धरू नये. रात्री पुरेशी थंडी पडत नाही. लसणाची पात येते, गड्डा भरत नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

साध्या वांग्यांत मर. दुपारी पाने लोंबतात, सकाळी पुन्हा ताठ, तिसऱ्या दिवशी हिरव्या पानांसकट झाड मान टाकते. पाणी कमी पडले असे वाटून आणखी पाणी दिले जाते आणि रोग पसरतो. खात्रीसाठी जमिनीलगतचे खोड बोटभर कापून काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात, टोक बुडेल असे धरले. दोन-तीन मिनिटांत कापल्या टोकातून दुधासारखा धागा सरळ खाली उतरू लागला. हा जिवाणूंचा चीक. बुरशीच्या मरीत हा धागा दिसत नाही. बुरशीनाशक इथे कामाचे नाही.

मेलेली झाडे मुळांसकट, मातीच्या गोळ्यासह काढून जाळली. खुरपे उकळत्या पाण्यातून काढले. त्या अर्ध्या वाफ्यात तीन वर्षे वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा नाही; मका, भेंडी, चवळी चालेल. शेजारची कलमे उभी आहेत.

१५ डिसेंबर २०२४

पहाटे दव. वालीच्या शेंड्यांवर काळा मावा, सोबत मुंग्या. साबण ५ ग्रॅम आणि निंबोळी तेल ५ मिली लिटरभर पाण्यात, आधी साबण विरघळवून मगच तेल, संध्याकाळी, पानाखालून. मुंग्यांची वाट तोडली नाही तर मावा परत येतो. लेडीबर्डच्या अळ्या दिसल्या त्या वेलांवर फवारले नाही.

वांग्याचे शेंडे वाकलेले दिसले की त्याखाली दोन बोटे सोडून कापायचे. आत शेंडे-फळ पोखरणारी अळी असते, आठवड्याला एक फेरी.

१२ जानेवारी २०२५

माडाच्या झावळ्यांखालच्या बाजूला पांढऱ्या मेणाच्या चकल्या, खालच्या नवलकोलाच्या पानांवर काजळी. चक्राकार पांढरी माशी. काजळी रोग नव्हे, माशीच्या गोड स्रावावर वाढलेली बुरशी. माडावर कीटकनाशक मारू नये. माशीवर जगणारी एन्कार्सिया नावाची बारीक गांधीलमाशी त्यात आधी मरते. खालच्या झावळ्यांवर पाण्याचा जोराचा फवारा, भाजीची पाने धुऊन घेणे.

२ फेब्रुवारी २०२५

हळद काढली. पाने वाळून आडवी झाल्यावर पंधरा दिवसांनी. बियाण्याचे मातृकंद वेगळे, पडवीत कोरड्या वाळूत, निंबाच्या पाल्याखाली. बाकीचे पाऊण तास उकळले. फेस आला, वास बदलला आणि काडी सहज आत गेली की पुरे. जास्त उकळले तर रंग काळवंडतो. वाळवून ओल्याचा सुमारे पाचवा भाग हाती येतो. पट्ट्याच्या खालच्या टोकाला काही गड्डे मऊ निघाले, तिथे पाणी साठले असणार. तिथे यंदा हळद नाही.

९ मार्च २०२५

ठिबक जोडले. २०० लिटरची टाकी दीड मीटर उंच चिऱ्याच्या चौथऱ्यावर, १६ मिलीमीटरच्या नळ्या, दर वाफ्याला दोन. एवढ्या उंचीवर दाब चौरस सेंमीला ०.१५ किलोच्या आसपास, म्हणून दाब-नियंत्रित ड्रिपर घेऊ नयेत, ते उघडतच नाहीत. साधा ताशी ४ लिटरचा ड्रिपर इथे दीड लिटर देतो. औषधाच्या मापाने तपासले: मिनिटाला २५ मिली. वाफ्याला एप्रिल-मेमध्ये रोज ३० लिटर लागते, चौरस मीटरला साडेपाच. सहा वाफ्यांना १८० लिटर, टाकीत बसते.

विहिरीच्या पाण्यात लोह असल्याने ड्रिपरच्या तोंडाशी तपकिरी शेवाळी गाळ बसतो. टाकीतून येणाऱ्या नळीला जाळीची गाळणी, दर आठवड्याला नळ्यांची टोके उघडून मिनिटभर पाणी सोडणे.

६ एप्रिल २०२५

आता आच्छादन हवे: सुका पाला ७ सेंमी, खोडापासून चार बोटे दूर. माडांच्या आळ्यांत नारळाची सोडणे (काथ्याची साले) पुरली, पोकळ बाजू वर, दोन थर. पाणी वाटीसारखे धरून ठेवतात. तांबड्या भाजीवर ५० टक्के सावलीची जाळी, दोन मीटर उंच. जाळी खाली लावली तर तिच्याखालीच उकाडा कोंडतो.

खताचा ढीग उलटताना गेंड्या भुंग्याच्या अळ्या निघाल्या. जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, डोके तपकिरी. ज्या ढिगातून वाफ्यांना खत मिळते, त्यातूनच माडाचा शेंडा पोखरणारा भुंगा तयार होतो. ढीग दर महिन्याला तळापर्यंत उलटायचा, अळ्या कोंबड्यांना. माडाच्या शेंड्यालगतच्या तीन पानांच्या बेचक्यांत एकेक डांबरगोळी, वर वाळू. ४५ दिवसांनी पुन्हा.

४ मे २०२५

बियाणे तपासले. ओल्या फडक्यात दहा दहा बिया गुंडाळल्या: भेंडी नऊ उगवल्या, दोडका आठ, चिबूड सहा. चिबडाच्या ढिगावर यंदा चारऐवजी सहा बिया. बी काचेच्या बरणीत, तळाशी भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी. पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांच्या) डब्यांबरोबर नको, तिथे मिरची-मिठाची हवा असते.

२७ मे २०२५

२० तारखेपासून पाऊस, २५ ला मोसमी वारे गोव्यात पोचले. जूनच्या पहिल्या आठवड्याची सवय असलेल्या सगळ्यांची तारांबळ. वाफे १ ते ३ बांधून झालेले, ४ ते ६ उन्हाळी उंचीवरच. ओल्या मातीत आत्ता कुदळ घालायची नाही, तुडवलेले ढेकूळ विटेसारखे बसते. मूठभर माती दाबून गोळा करायचा, अंगठ्याने टोचायचा. फुटला तर खणायचे, नुसता खड्डा पडला तर थांबायचे. आज खड्डा पडतो. तोवर वाटांतले पाणी उत्तरेला काढून दिले.

चतुर्थी यंदा २७ ऑगस्टला. एरवी चिबडासाठी मेच्या शेवटी बी टोचून पाणी घालत बसावे लागले असते. ते काम वाचले. ढीग कोरड्या मातीचे, पडवीत साठवलेल्या खताने, आजच घातले. दोडकी आणि पडवळ १९ जूनला.